टिटवीला कुणी कळवलं नाही

जळगावात मेहरूणच्या तलावाकडे तोंड करून उभ्या असलेल्या त्या दुमजली घरात सगळ्यात मोठा आवाज रूपलचा होता. मग मे महिना लागला आणि टिटवी आली.

आली तर आली. एवढा मोठा तलाव, त्याचा काठ, पलीकडची पडीक जमीन, सगळं सोडून बयेनं अंडी घातली कुठे, तर रूपलच्या गच्चीवर. तेही नेमक्या त्या कोपऱ्यात, जिथं पाण्याच्या टाकीच्या दुरुस्तीतून उरलेली खडी पडली होती. ही खडी उचला म्हणून रूपलनं दिवाळीपासून नवऱ्यामागे भुणभुण लावली होती. नवरा हितेंद्र. त्याचं दाणा बाजारात डाळींचं ठोक दुकान. तिथं दिवसभर पोत्यामागून पोती हलत, पण घरची चार घमेली खडी हलवायला काही मुहूर्त मिळत नव्हता. "पडलीय तर पडू दे ना, खायला मागते का?" असं तो म्हणायचा. आता त्या खडीवर खडीच्याच रंगाची, तपकिरी ठिपक्यांची चार अंडी होती. आणि त्यांच्यावर बसलेली ती पिवळ्या काटकुळ्या पायांची, डोळ्यांपुढे लाल कातडं मिरवणारी भवानी, जिन्याचं दार नुसतं करकरलं तरी अंगावर धावून येत होती.

"अहो, ती खडी!" रूपल त्या संध्याकाळी म्हणाली.

"आता कशी हलवणार? अंडी आहेत ना तिच्यावर," हितेंद्र म्हणाला, आणि एक काम कायमचं टळल्याच्या आनंदात त्यानं आमरसाची वाटी पुढे केली.

रूपलचं डोकं फिरायला कारण होतं. मे महिना म्हणजे वाळवणाचा महिना. पाऊस सुरू झाला की हवेत ओल येते, ओलीत जीव पडतात, म्हणून जैनांच्या घरात पापड-वड्या जे काय करायचं ते चातुर्मासाच्या आधी, कडक उन्हात. शिवाय रूपलच्या घरच्या बिबड्या नात्यागोत्यात प्रसिद्ध होत्या. ज्वारीचं पीठ शिजवून, ओल्या कापडावर पातळ थापून, उन्हात खडखडीत वाळवलेल्या. धुळ्याच्या नणंदेचा एक डबा, दोंडाईच्याच्या मावससासूंचा एक डबा, आणि डबा उशिरा पोचला की दोघींचे फोन. या कामाला दरवर्षी मेहरूण गावातून सुंदरबाई यायची. खान्देशातल्या शेतकरी घरची बाई, हाताला झपाटा विलक्षण, पण दरवर्षी तिची एकच कुरकुर असायची.

"लसूण नही, तं त्या कसान्या बिबड्या व भाभी?"

यंदा ती आली, गच्चीच्या दारातून डोकावली, आणि लसूण विसरली.

"व माय! टिटवीनी उच्ची जागावर अंडा घालात. यंदा पानी भलता पडी, देखा."

"पाणी पडायचं तेव्हा पडेल. बिबड्या कुठं घालायच्या ते सांग."

"माले काय माहीत? पीठ तं भिजाडेल शे," सुंदरबाई म्हणाली आणि पायरीवर बसून तिनं पानाचा डबा काढला.

अंडी जरा बाजूला सरकवावीत, असं रूपलनं सासूबाईंना सुचवून पाहिलं. सासूबाई म्हणजे गुलाबबाई. घरात सगळे त्यांना नुसतं 'बाई' म्हणत, आणि त्या रूपलला 'बिनणी', म्हणजे सूनबाई. पंचाहत्तरी उलटली होती, गुडघे गेले होते, पण जीवदयेच्या बाबतीत त्यांची नजर अजून घारीची होती. अंड्याला हात लावणं सोडाच, गच्चीवर पाऊलसुद्धा टाकायचं नाही, असा त्यांनी हुकूम काढला.

"बिनणी, तिथं जीव बसलाय. आपलं वाळवण मोठं, की तिची पिल्लं?"

रूपल पीठ झाकायला आत निघून गेली. कारण तिच्या मनातलं खरं उत्तर 'वाळवण' हे होतं.

तिच्याबद्दल एक गोष्ट सांगितली पाहिजे. रूपलच्या हातून नियम कधी मोडला नव्हता. ती पाणी गाळून घ्यायची, अंधार पडल्यावर जेवायची नाही, कांदा-बटाटा घरात येऊ द्यायची नाही, हिरवळीवरून चालायची नाही. झुरळ निघालं तर कागदावर घेऊन, जिना उतरून, बाहेर सोडून यायची. पण त्या झुरळाबद्दल तिला कधी काही वाटलं होतं का, तर अजिबात नाही. एवढी वर्षं ती जिवांना सांभाळत होती, जसं कुणी सासरची भांडी सांभाळतं. फुटता कामा नये, एवढंच. आणि आता ही टिटवी आली होती, जिच्याबद्दल पहिल्यांदाच काहीतरी वाटत होतं, आणि ते वाटणं होतं शुद्ध संतापाचं. पहाटे बोंब, दुपारी बोंब, शेजारच्या मांजरानं जांभई दिली तरी बोंब. टीट-टिटीव, टीट-टिटीव. रूपलला ती फोडणी देताना ऐकू येई, नवकार म्हणताना ऐकू येई. सामायिकाला बसावं, मन जरा स्थिर होतंय असं वाटावं, आणि वरून ती किंकाळी. शेवटी रूपल डोळे मिटून बसे आणि मनात सगळ्या जीवसृष्टीशी मैत्रीभाव धरण्याऐवजी एका पक्ष्याशी भांडत राही.

त्यात मुलगा रोनक. वय चोवीस, पुण्याच्या एका कंपनीचं काम घरातूनच करायचा. एप्रिलमध्ये तो धुळ्याजवळ लळिंगच्या कुरणात एका शिबिराला जाऊन आला होता. निसर्गाशी पुन्हा नातं जोडण्याचं शिबिर. तिथून आल्यापासून तो सकाळी चहा घ्यायचा नाही, कोमट पाणी प्यायचा, आणि अधूनमधून खिडकीतून तलावाकडे बघत उसासे टाकायचा.

"मम्मी, आपण निसर्गापासून फार तुटलोय गं."

"कोण तुटलंय?" रूपल कणीक तिंबत म्हणाली. "वर टिटवी, खाली मुंग्या, न्हाणीत पाल. तुटायला जरा जागा मिळाली तर मी आनंदानं तुटेन."

"तू चिडतेस म्हणून ती ओरडते. तिला तुझी चीड कळते."

"मग तिचं ओरडणं मला कळतंय, ते कुणी बघायचं?"

रोनक ऐकणाऱ्यातला नव्हता. रविवारी तो शिबिराच्या अभिमन सरांनाच घेऊन आला. सर धुळ्याहून बसनं आले होते. पांढरा कुडता, मऊ आवाज, माणूस वाईट नव्हता. त्यांनी रूपलला जिन्याच्या वरच्या पायरीवर उभं केलं, डोळे मिटायला सांगितलं, आणि म्हणाले, "ताई, छातीतून प्रेम निघतंय, आणि ते त्या पक्ष्यापर्यंत पोचतंय, असं जाणवू द्या. ती ओळखेल. प्राण्यांना शब्द लागत नाहीत."

रूपलनं मनापासून प्रयत्न केला. तिचा स्वभावच तसा होता, सांगितलेलं काम ती धड करायची. तिनं डोळे मिटले, छातीतून जे काय निघेल ते पाठवलं, आणि दार उघडून एक पाऊल टाकलं. टिटवी सरळ उडाली, वळसा घेऊन आली आणि रूपलच्या कपाळाशी पंख आपटून गेली. सरांच्या कुडत्याच्या खांद्यावर तिनं जाता जाता पांढरा शिक्काही मारला.

"वेळ लागतो," सर कुडता पुसत म्हणाले.

"लागू दे," रूपल म्हणाली. "तोवर बिबड्यांचं पीठ आंबतंय."

बाईंची तऱ्हा वेगळी. त्यांना टिटवीचा आवाज ऐकून वाटलं, भुकेली असेल. त्यांनी हितेंद्रला सांगून दुकानातून ज्वारी मागवली आणि रोज सकाळी रूपलकरवी गच्चीच्या दाराशी परातभर दाणे आणि कुंडीभर पाणी ठेवायला सुरुवात केली. या घराण्यानं राजस्थानातून खान्देशात आल्यापासून पक्ष्यांना दाणे घातले होते. पक्षी म्हणजे दाणे, यात विचार करण्यासारखं काही असतं हेच कुणाला माहीत नव्हतं. टिटवीनं त्या परातीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. ती किडे-अळ्या खाते, हे रोनकनं फोनवर वाचून सांगितलं तेव्हा बाईंनी कानांवर हात ठेवले. "असेल, पण आपल्या दारात कशाला? आपण ज्वारी ठेवायची, तिला सुबुद्धी होईल."

सुबुद्धी पारव्यांना झाली. आधी दोन पारवे आले, मग वीस आले. पारवे आले म्हणून चिमण्या आल्या. आणि इतकी वर्दळ कशाची म्हणून बघायला एक दिवस कावळे आले.

दुपारची जेवणं झाली होती. बाहेर जळगावचं ऊन, रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही. रूपल धुतलेल्या चादरी घेऊन जिन्यात आली, कारण गच्ची बंद झाल्यापासून दोरी जिन्यातच बांधली होती. दार थोडं उघडं होतं. टिटवी जागेवर नव्हती, जोडीदारही कुठं दिसत नव्हता. परातीत एक कावळा ज्वारी उधळत होता. त्यानं मान तिरकी केली, अंगण ओलांडून यावं तसा दोन उड्या मारत खडीवर आला आणि अंड्यांपाशी थांबला.

रूपलच्या हातात ओली चादर होती. ती नुसती झटकली असती तरी कावळा उडाला असता. तिनं ती झटकली नाही. ने, असं तिच्या मनात आलं. अगदी स्पष्ट आलं, शब्दांत आलं. ने बाबा, चारही ने. मी काही केलेलं नाही, मी हात लावलेला नाही. ने, आणि माझी सुटका कर.

कावळ्यानं एक अंडं चोचीत धरलं आणि उडाला. खडीवर ओला पिवळा थेंब पडला. तेव्हा कुठं रूपलचा हात हलला. दुसरा कावळा कठड्यावर उतरत होता. "हट्! हट् मेल्या!" म्हणत ती उघड्या पायांनी तापलेल्या गच्चीवर धावली, चादर फिरवत राहिली, तळवे भाजले तरी फिरवत राहिली.

टिटवी परत आली. रूपल दारामागे सरकली. टिटवीनं उरलेली तीन अंडी चोचीनं जराजरा हलवली आणि त्यांच्यावर बसली. ओरडली नाही. काही कारण नसताना आभाळ डोक्यावर घेणारी ती बया त्या दुपारी गप्प बसून राहिली. इतके दिवस रूपल ज्या शांततेसाठी तळमळत होती ती शांतता घरभर पसरली आणि तिला एक मिनिट सहन होईना.

तिनं खाली येऊन बाईंना सांगितलं. कावळ्यानं अंडं नेलं म्हणून सांगितलं.

"कावळ्याचं कर्म कावळ्यापाशी," बाई माळ ओढत म्हणाल्या.

"बाई, मी बघत होते. मी मनात 'ने' म्हटलं."

माळ थांबली. जैन स्थानकातल्या प्रवचनात दर चातुर्मासात महाराजसाहेब हेच तर समजावून सांगत. आपण करणं, दुसऱ्याकडून करवणं, आणि दुसरा करत असताना मनातून त्याला बरं म्हणणं, तिन्हींचं पाप सारखंच. दोघींनी ते इतक्या वेळा ऐकलं होतं की ऐकताना डुलकी लागायची. आता त्यातलं तिसरं त्यांच्या स्वयंपाकघरात येऊन उभं होतं.

"एक आयंबील कर," बाई माळ बाजूला ठेवत म्हणाल्या. "आणि दाणे मी ठेवायला लावले. तू एक कर, मीही एक करते."

दुसऱ्या दिवशी सासू-सुनेनं एकदाच जेवायचं व्रत केलं. तेल नाही, तूप नाही, मीठ नाही, नुसता उकडलेला मूग आणि कोरडी भाकरी. प्रायश्चित्त झालं. बाई त्या दुपारी शांत झोपल्या. टिटवीला मात्र कुणी कळवलं नाही. तिच्या पोटाखाली एक अंडं कमीच होतं, आणि रूपलच्या पोटात मूग दगडासारखा बसला होता. आपण कुणाकडे काय फेडलं, हेच तिला समजेना. खाल्लं आपण, उपाशी राहिलो आपण, हिशेब मिटला तोही आपल्या आपल्यात. ज्याचं गेलं त्याचा यात संबंध कुठं आला? ती बाईंवर चिडली, स्वतःवर चिडली, आणि संध्याकाळी विनाकारण हितेंद्रवर चिडली. त्या दिवशी पहिल्यांदा हितेंद्र कुणी न सांगता उठला आणि ज्वारीची परात गच्चीच्या दाराशी जाऊन उचलून आणली.

मग रूपल राखण करायला लागली. तिनं कुणाला विचारलं नाही. जिन्याच्या दारात स्टूल टाकून, डोक्यावर ओला पंचा आणि हातात छत्री घेऊन ती बसायची. कावळा दिसला की छत्री उघडायची. टिटवीला हे आवडत होतं अशातला भाग नाही. ती कावळ्यावर ओरडे आणि रूपलवरही ओरडे, दोघांत काही फरक करत नसे.

"अगं, तुझ्यासाठीच बसलेय, मूर्ख!" रूपल तिला सांगे. सुंदरबाई खालून हसे. बिबड्या शेवटी शेजारच्या गच्चीवर घातल्या होत्या, आणि शेजारणीनं त्यातल्या चवीपुरत्या म्हणून निम्म्या चाखल्या होत्या.

बसून बसून रूपलला एक गोष्ट दिसली. ऐन दुपारी, खडी हाताला चटका देईल अशी तापलेली असताना, टिटवी अचानक उठून जायची. रूपलला वाटायचं, बघा, ऊन लागलं की आई पळाली. पण ती थोड्याच वेळात तलावाकडून परत यायची, आणि यायची ती ओलीचिंब. पोटाखालची पिसं निथळत असायची. तशीच ती अंड्यांवर बसायची, आणि तेवढी खडी क्षणभर काळी दिसायची. थोड्या वेळानं तिचा जोडीदार यायचा, तोही ओला. ती उठायची, तो बसायचा. दुपारभर हेच चाले, तलाव ते गच्ची, गच्ची ते तलाव.

रूपलनं कुंडीतलं पाणी त्यांच्या जवळ सरकवून ठेवलं. त्यांनी ते पाहिलंच नाही. तिला राग आला, आणि रागाबरोबर डोळेही भरले. का भरले हे तिला कळेना. घरात जिवांसाठी एवढं सगळं चालायचं, पण त्यातलं काहीही कधी असं पोटाशी धरून कुणी आणलं नव्हतं. ती रडली. छत्रीआड रडली, म्हणजे सुंदरबाईला दिसू नये.

जूनच्या सुरुवातीला पिल्लं निघाली. सकाळी रूपलनं दार उघडलं तर खडीचे तीन तुकडे चालत होते. पायांच्या जागी नुसत्या काड्या, आणि तरी लगेच पळत होते. घरात आनंदीआनंद झाला. बाईंनी जिन्यापर्यंत येऊन हात जोडले. सुंदरबाईनं पाऊस आता हमखास म्हणून सांगितलं.

दुपारपर्यंत आनंद ओसरला. टिटवी पिल्लांना भरवत नाही. ती चालत पुढे जाते, पिल्लं मागे जातात आणि आपलं आपण टिपतात. आणि गच्चीवर टिपायला होतं काय? टिटवी खाली रस्त्यापलीकडे जाऊन उभी राहिली आणि बोलवू लागली. पिल्लं धावत कठड्याशी आली. कठडा कमरेएवढा. ती त्याच्या कडेकडेनं पळत राहिली, या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि परत. कोपऱ्यात पावसाच्या पाण्याचा पाइप होता, त्याच्या तोंडाशी जाऊन एक पिल्लू आत वाकून बघत होतं. रूपलनं धावत जाऊन तिथं पंचा कोंबला.

सगळे जिन्यात जमले आणि चर्चा सुरू झाली.

"हात लावायचा नाही," बाई म्हणाल्या. "माणसाचा वास लागला की आई टाकून देते."

"तसं नसतं, बाई. आत्ताच वाचलं मी," रोनक म्हणाला. "पण त्यांचा प्रवास त्यांनाच करू द्यायला हवा, असंही सर म्हणतात."

"कुठला प्रवास? पाइपातून?" रूपल म्हणाली.

"उपाशी शेतस ना त्या पिल्ला," सुंदरबाई म्हणाली. "किडा-मुंगी टाका दोनचार. त्या काय बिबड्या खातीन?"

बाईंनी कानांवर हात ठेवले.

"मग तूच उचल ना, सुंदरबाई," रोनक म्हणाला.

"मी नही बा हात लावस. टिटवीना सराप लागस."

हितेंद्रला फोन केला. "संध्याकाळी आलो की बघू," तो म्हणाला.

संध्याकाळी! रूपलनं गच्चीकडे पाहिलं. एक पिल्लू टाकीच्या सावलीत बसलं होतं, चोच उघडी, मान खाली. बाकीची दोन अजून कडेनं पळत होती. खालून ती आई हाका मारत होती, तोच आवाज, टीट-टिटीव, ज्याला रूपल महिनाभर बोंब म्हणत आली होती.

"पुरे झालं तुमचं," रूपल म्हणाली. "हलायला नको कुणाला. वास नको, पाप नको, शाप नको. सगळ्यांना आपापले हात तेवढे स्वच्छ ठेवायचेत. मीही तेच केलं त्या दिवशी, आणि त्याचं काय झालं ते खडीवर जाऊन बघा."

तिनं बिबड्यांसाठी आणलेली नवी टोपली घेतली, तळाशी ओलं फडकं घातलं, आणि गच्चीवर गेली. आयुष्यात तिनं पक्षी हातात धरला नव्हता. पिल्लू मुठीत आलं तेव्हा इतकं हलकं लागलं की ते निसटलं असं वाटून तिनं मूठ उघडून पाहिली. ते होतं. त्याचं अख्खं अंग धडधडत होतं.

मग जे झालं ते मेहरूणच्या त्या गल्लीनं पुढं बरेच दिवस चवीनं सांगितलं. जैनांची सून भर उन्हात, अनवाणी, टोपली छातीशी धरून रस्त्यानं निघाली आणि दोन टिटव्या तिच्या डोक्यावर तुटून पडल्या. एक मागून यायची, एक पुढून. पदर डोक्यावरून घेतला होता तो पहिल्याच झपाट्यात उडाला. दुसऱ्या झपाट्यात भांगात काहीतरी रुतलं आणि गरम ओघळ कपाळावर आला. "अगं, तुझीच आहेत! तुझ्याकडेच आणतेय!" रूपल ओरडत होती. रोनक पुढे धावला, त्यानं रस्त्यात दोन्ही हात पसरून रिक्षा अडवल्या. ती पलीकडे गेली.

काठाशी पाणी मागे हटलं होतं आणि चिखलातून कोवळं हिरवं गवत उगवलं होतं. दाट, ओलं. रूपल त्याच्या कडेला थांबली. ज्या हिरव्यावर पाऊल टाकायचं नाही म्हणून ती बागेतसुद्धा फरशीवरून चालायची, ते हिरवं समोर होतं आणि किडे त्यातच होते. तिनं पाय ठेवला. गार लागलं. ती मधोमध गेली, खाली बसली आणि टोपली आडवी केली.

दोन पिल्लं पळाली. तिसरं, सावलीत बसलेलं, फडक्यावर तसंच राहिलं. रूपलनं ते ओंजळीत घेऊन गवतावर ठेवलं. ते हललं नाही.

तेवढ्यात टिटवी तिच्यापासून थोड्या अंतरावर खाली पडली. एक पंख पसरून, फरफटत, लंगडत चालली.

"अगं बाई, हिला काय झालं! माझा हात लागला का?" रूपल उठून तिच्यामागे गेली. टिटवी आणखी पुढे फरफटली. रूपल आणखी पुढे गेली.

"मम्मी, थांब!" रोनक रस्त्यावरून ओरडला. "काही झालेलं नाही तिला. नाटक आहे. पिल्लांपासून तुला लांब नेतेय ती."

रूपल चिखलात उभी राहिली. भांग ठणकत होता, तळवे भाजलेले, साडी गुडघ्यापर्यंत भिजलेली. एवढी राखण केली. एवढं ऊन डोक्यावर घेतलं. सासूचा शब्द मोडला, गल्लीत शोभा झाली. आणि हिच्या लेखी मी कोण, तर कावळा! फणकारून तिनं तोंड उघडलं, आणि शब्द बाहेर पडायच्या आत तिला कळलं की टिटवीचं काही चुकत नव्हतं.

तिनं हात जोडले.

भाद्रपदात संवत्सरीच्या दिवशी ती दरवर्षी क्षमा मागायची. आधी स्थानकात चौऱ्याऐंशी लाख जीवयोनींची, एका दमात, सगळ्यांबरोबर. मग घरी येऊन फोनवर, नणंदेची, मावससासूंची, दाणा बाजारातल्या ओळखीच्या सगळ्या घरांची. 'मिच्छामि दुक्कडं' लिहून धाडायचं, तिकडून तेच उलट यायचं. लाखो जिवांनी आणि शेकडो नातेवाइकांनी तिला आजवर माफ केलं होतं. एकानंही कधी नाही म्हटलं नव्हतं.

"मिच्छामि दुक्कडं," रूपल त्या टिटवीला म्हणाली. आणि हे शब्द हिला काय कळणार म्हणून साध्या भाषेत म्हणाली, "तुझं एक माझ्यामुळे गेलं. मी बघत उभी होते. मी 'ने' म्हटलं."

टिटवी लंगडायची थांबली. दोन्ही पंख धडधाकट उघडून ती उठली आणि सरळ रूपलच्या तोंडावर आली. रूपलनं हात वर केला नाही. टिटवी गालाला वारा घालून गेली, वळली, पुन्हा आली. तिचा आवाज तलावभर झाला. त्यात माफी नव्हती. रूपल हात जोडून एकेक पाऊल मागे सरकत राहिली, गवत संपून रस्त्याची कडा पायाला लागेपर्यंत.

ती तेवढी लांब गेली तेव्हा टिटवी खाली उतरली. तिसरं पिल्लू उठलं, कलंडलं, परत उठलं, आणि तिच्या पोटाखाली शिरलं.

रोनकनं आईच्या कपाळावर रुमाल धरला. त्याचे डोळे भरून आले होते. "मम्मी," तो हळूच म्हणाला, "तुला काय वाटलं गं तिथं? काही जुळल्यासारखं?"

रूपल हुंदके देत होती आणि चिडलेलीही होती. तिनं त्याच्या हातातला रुमाल हिसकावून घेतला.

"तिनं मला बरोबर ओळखलं," ती म्हणाली, आणि रिकामी टोपली उचलायला परत वळली, तर टिटवीनं तिला पुढे येऊ दिलं नाही.